शहाणं लेकरू म्हणे कोणाला भिजवत नाही

कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींनो, माझ्या मुलाला पायांवर घेऊन तेल लावताना त्याने मंदाच्या नव्या साडीवर धार सोडली होती आणि आपण पोट धरधरून हसलो होतो. आठवतं?

आज सकाळी कळमनुरीत भाचीचा महिन्याचा मुलगा मी तसाच पायांवर घेतला. तिच्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "लई शहाणं लेकरू हाय ताई, कोणाला भिजवत न्हाई."

पण बाळ कुंथून लाल झालं होतं. धार नव्हतीच, नुसते थेंब. ओटीपोट फुगलेलं. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे नेऊ," मी भाचीला म्हणाले.

"काहून घाबरवता पोरीला?" सासूबाई चिडल्या. मी ऐकलं नाही. सगळ्यांना गाडीत घालून नांदेडला लहान मुलांच्या सर्जनकडे नेलं.

सोनोग्राफी झाली. लघवीच्या मार्गात जन्मापासूनच पडदा आहे. लघवी तुंबून मूत्रपिंडांवर दाब आलाय. आता नळी घातली आहे, मग दुर्बिणीतून पडदा काढतील. पुढे कित्येक वर्षं मूत्रपिंडं तपासत राहायची. आम्ही तपासत राहू.

पिशवीत लघवी उतरताना पाहून सासूबाई रडल्या. "भिजव रे बाबा, रोज भिजव मला."

मंदा, हे तुझ्या सुनेला वाचून दाखव. शोभा, मुलाची धार नीट सुटते का ते बघायला गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला सांग. आणि घरातली जुनी मऊ लुगडी माझ्याकडे पाठवा. लंगोट भरपूर शिवायचे आहेत.