पूजेला ठेवलेले ब्रेक पॅड

नळदुर्गच्या हमरस्त्यावर ट्रकचे ब्रेक दुरुस्त करण्यात माझी बारा वर्षं गेली. मग धाराशिवजवळच्या धावपट्टीवर, छोट्या शिकाऊ विमानांच्या हँगरमध्ये नोकरी लागली. गाडी बदलली, पण खंडेनवमी सुटली नाही. पाने, पक्कडी तेलाच्या फडक्यानं पुसायच्या, परातीत मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. नवा माल आला असेल तर तोही आधी देवीपुढं. त्या वर्षी नेमके नवे ब्रेक पॅड आले होते. कागदी पाकिटासकट ते काळे तुकडे मी मोठ्या भक्तीनं त्याच परातीत ठेवले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो शहाणा मीच.

दसऱ्यानंतर जुने पॅड काढले, ते झिजून नखाएवढे पातळ झाले होते. नवे रिव्हेट मारून बसवले, रिकामं पाकीट बाकावर टाकलं. आमच्या इंजिनियर साहेबांनी विमान पट्टीवर हळू पळवून ब्रेक दाबून पाहिले. धरले. त्यांनी सही केली आणि कळंबकडची एक विद्यार्थिनी त्या विमानातून पहिल्यांदाच एकटी उडाली.

मी परात धुवायला घेतली. तळाशी कुंकवानं लाल झालेलं तेल साचलं होतं. बाकावरचं पाकीट उचलून पाहिलं तर त्याची एक बाजू तेलानं ओली. काळ्या पॅडवर तेल दिसत नाही. थंड असताना असा पॅड धरतोही, पण तापला की घसरतो. आणि या विमानाला दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे. एक धरला, दुसरा सुटला, तर विमान गर्रकन फिरून पट्टीबाहेर जाणार.

खरं सांगतो, पहिला विचार त्या पोरीचा नव्हता, नोकरीचा होता. गप्प बसलो तर? कदाचित काही होणारही नाही. एवढ्यात विमानाचा आवाज जवळ येऊ लागला आणि मी साहेबांच्या खोलीकडं पळत सुटलो.

"साहेब, लई मोठी चूक झाली. तिला ब्रेक लावू देऊ नका. पॅडला तेल लागलंय, पूजेचं."

साहेबांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि रेडिओ उचलला. "ब्रेकला पाय लावू नकोस. सगळी पट्टी तुझीच आहे. वेग आपोआप कमी होऊ दे." त्यांचा आवाज शांत होता, पण मोकळा हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

चाकं टेकली. विमान पळतंय, पळतच राहतंय, पट्टी संपत येतेय. देवीला हाक मारायचीही मला भीती वाटली. कुठल्या तोंडानं मारणार होतो? शेवटी अगदी टोकाला जाऊन ते थांबलं.

आम्ही जीपनं पोचलो तेव्हा ती हसतच खाली उतरली. "काका, नुसतंच पळू दिलं की! ब्रेक का लावू दिला न्हाय?"

सांगायचं मलाच होतं, आणि मी सगळं सांगितलं. परात, तेल, माझी भक्ती.

तिचं हसू गेलं. ती चाकाकडं बघत राहिली. वर एकटी असताना न घाबरलेली ती पोरगी तिथंच डांबरावर बसली.

"पट्टी संपत आल्यावर मी दाबणारच होते, काका," ती म्हणाली. "पाय ठेवला बी होता."