बद्द की टण्ण

इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर कोरलेले असतात तो बिडाचा जडशीळ ठोकळा, साखळीला टांगायचा, छोट्या हातोडीनं टिचकी मारायची आणि कान द्यायचा. ‘टण्ण’ वाजला तर ठणठणीत. ‘बद्द’ वाजला तर कुठंतरी चीर गेलेली. पस्तीस वर्षं काका आपल्या वर्कशॉपमध्ये हेच करत आले, म्हणून सगळे त्यांना टणमास्तर म्हणत.

अलीकडे या पदवीला गंज चढला होता. दाराची बेल वाजून वाजून थकायची, मास्तर ढिम्म. गिऱ्हाइकंही गोड बोलून सटकायची, “मास्तर, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही मशीनवर तपासून घेतो की!”

त्यांच्या कानावर विश्वास ठेवणारी एकच उरली होती, त्यांची पुतणी. ती आठवडाभर पावाची व्हॅन चालवायची आणि रविवारी जुन्या गाडीतून चारशे मीटरच्या सरळ शर्यतीत उतरायची. गेल्या शर्यतीत तिच्या इंजिनानं राम म्हटला. म्हणून शनिवारी सकाळी तिनं व्हॅन वर्कशॉपच्या दाराला लावली.

“काका, दोन ब्लॉक आणलेत. हा भंगारातून उचललेला, गाडीच्या कंपनीचाच. आणि हा बाहेरच्या कंपनीचा, कोरा, जाड भिंतींचा. दुकानदारानं दाखवायला दिलाय.” मग तिनं छाती फुगवून दुकानदाराचा आवाज काढला, “मॅडम, हा ब्लॉक नाही, किल्ला आहे किल्ला! तो जुना म्हणजे नुसता पत्र्याचा डबा!”

“मग घे की किल्ला.”

“घेतला तर पैसे तिथंच संपले, पिस्टन पुढच्या वर्षी. अख्खा हंगाम मी प्रेक्षकांत बसून टाळ्या पिटायच्या.”

“इंजिनातून जोर किती काढणार आहेस?”

“मूळच्या दीडपट.”

“मग किल्ला कशाला? तुझ्या गाडीला दीडपटीसाठी मूळचा पुरतो. फक्त धड हवा.”

साखळीला दुसऱ्याच कुणाचं इंजिन लटकत होतं. ते उतरवायचा कंटाळा. दोघांनी भंगारातला ब्लॉक दोन जुन्या टायरांवर ठेवला. मास्तरांनी टिचकी मारली.

बद्द.

पुन्हा मारली. बद्द.

मास्तरांनी करंगळीनं कान खाजवला. ब्लॉक गेला की कान गेले? पण असं विचारणं म्हणजे कान गेल्याची दवंडीच पिटणं. त्यांनी घसा खाकरला आणि ठणकावून सांगितलं, “फुटलाय. टाक परत भंगारात.”

पुतणी व्हॅनच्या पायरीवर जाऊन बसली आणि बुटाची नाडी उगाचच सोडून पुन्हा बांधू लागली.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. “अहो, हे काय वाजवताय? गादीवर ताट आपटल्यासारखं?”

“ब्लॉक फुटलाय.”

“फुटलाय की लोळतोय?” काकूंनी चहा ठेवला, कमरेवर हात घेतले आणि नवऱ्याचा घोगरा आवाज हुबेहूब काढला, “‘लक्षात ठेवा, टांगल्याशिवाय ब्लॉक बोलत नाही!’ पस्तीस वर्षं ऐकतेय मी. आणि आज त्याला टायरवर झोपवलात?”

मास्तर टायरकडे बघत राहिले. रबरानं सगळा आवाज गिळला होता. हे एखादा नवशिक्यासुद्धा करणार नाही. हसून विषय उडवता आला असता, पण पायरीवरची पुतणी नाडीच बांधत होती.

“पोरी, चुकलो मी,” ते म्हणाले. “ऊठ, हात लाव.”

साखळी मोकळी झाली, ब्लॉक हवेत टांगला गेला. मास्तरांनी हातोडी उचलली आणि थबकले. “माझं जाऊ दे. तुम्ही दोघी ऐका.”

टिचकी.

“टण्ण!” दोघी एका सुरात ओरडल्या.

मास्तरांनाही ऐकू आलं होतं, अगदी स्वच्छ. पण आता नुसत्या कानावर सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. भिंतींची जाडी मोजली, मशीनवर दाब देऊन कुठं चीर नाही ना ते तपासलं, मगच सिलिंडर आतून कापायला घेतले, तेही अगदी केसभर. किल्ला दुकानात परत गेला.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी घरातला फोन वाजू लागला. थांबला, पुन्हा वाजू लागला. शेवटी काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. पलीकडे पुतणी किंचाळत होती, “काकू, आजवरचा सगळ्यात कमी वेळ! आणि गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली! काका कुठायत?”

काका फोनपासून हातभर अंतरावर पेपर वाचत होते.

“अहो!” काकू ओरडल्या. “कधीचा वाजतोय!”

मास्तरांनी मान वर केली. “काय? टण्ण ना?”