भागव्वाची वेटिंगरूम

भागव्वा बाईमाणसाचं तोंड नंतर बघायची, आधी ओटी बघायची. इंजिनाला पाणी मिळावं म्हणून सोलापूरच्या अलीकडे, एका मोठ्या विहिरीशेजारी आमचं छोटं स्टेशन बांधलेलं होतं. गाडी पाणी घेईपर्यंत थांबायची, म्हणून तिथं माणसं चढू-उतरू लागली. मग तिकिटाची खिडकी आली, घंटा आली आणि शेवटी बायकांची वेटिंगरूमही आली. एक दार रस्त्याकडे, एक फलाटाकडे, मध्ये एक बाक आणि पाण्याचा डेरा. या सगळ्याची राखण भागव्वाकडे. यांची स्टेशनमास्तर म्हणून तिथं बदली झाली, तेव्हा क्वार्टरच्या ओसरीवरून मला तिचं राज्य रोज दिसायचं.

ती विधवा होती. उघडं कपाळ, विटलेलं लुगडं, हातात खराटा. कुणी पुरुष बायकोशी बोलायला नुसता डोकावला तरी खराटा आडवा व्हायचा. "पाटी वाच की. बायकांची खोली हाय." वाचता येत नाही म्हणून कुणी सबब सांगितली, तर म्हणायची, "मलाबी येत न्हाय. पर काय लिवलंय ते ठावं हाय."

सून माहेरी निघाली की सासू तिची ओटी भरते. तांदूळ, नारळ, खण पदरात बांधूनच त्या बायका गाडीत चढायच्या. ओटी रिकामी दिसली की भागव्वा ओळखायची, ही न सांगता निघाली आहे. मग ती तिला बाकावर बसवायची, पाणी द्यायची, गोड बोलून गाव काढून घ्यायची आणि हमालाकरवी सासरी निरोप धाडायची. माणसं येऊन मुलीला घेऊन जात. "एकीचंबी घर मोडू दिलं न्हाय म्या," असं ती छाती काढून सांगायची, आणि सगळं स्टेशन तिला नावाजायचं.

कुंभारी गावाकडची एक मुलगी अशीच आली. पोरसवदा, कोवळा चेहरा. तिनं भागव्वाचे पाय धरले. "मावशी, निरोप नगा धाडू." भागव्वानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रागात निघालीस बाई. दोन दिसांत इसरशील." सासरा आला, चार शब्द गोड बोलला आणि तिला घेऊन गेला.

आठवडाही झाला नसेल. तोच सासरा तिला बाजेवर घालून घेऊन आला. विहिरीतून काढलेली, जेमतेम धुगधुगी उरलेली. तिला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडीला उशीर होता. बाज त्याच खोलीत ठेवली. गाडी यायच्या आत मुलगी गेली. मी दारात उभी होते. सासऱ्यानं डोळे पुसले आणि भागव्वाला हात जोडले. "तुमी तर तवा लई उपकार केलं व्हतं, बाई."

त्या हात जोडण्यानं मला जो धक्का बसला, तो मरणाहून मोठा होता. पुढं कित्येक दिवस भागव्वा आपलं काम तेवढं करायची. डेरा भरायची, खोली झाडायची आणि बाकाकडे पाठ करून बसायची.

मग एका दुपारी ती एका अनोळखी बाईला घेऊन माझ्या मागल्या दारी आली. "मास्तरीणबाई, हिची ओटी भरा."

"कोण ही?"

"ठावं न्हाय. रिकाम्या ओटीची बाई डब्यात दिसली की समद्या इचारत्यात. कुनीतरी उतरवून माघारी धाडतंय. भरा की. माझा हात चालत न्हाय."

मी थक्क झाले. यांना कळलं तर काय, ही भीतीही वाटली. पण बाजेवरची ती मुलगी डोळ्यांपुढून हलेना. मी तांदूळ काढले. त्यानंतर भागव्वा अधूनमधून अशी मागल्या दारी येऊ लागली.

भागव्वाचा एकुलता एक मुलगा मल्लू स्टेशनामागच्या वस्तीत राहायचा. ती त्याच्याच घरी असायची आणि त्याच्यावर तिचा फार जीव. एका उन्हाच्या दुपारी त्याची बायको वेटिंगरूममध्ये आली. ओठ फुटलेला. सवयीप्रमाणे भागव्वानं आधी तिची ओटी पाहिली, मग तोंड. मी ओसरीवरून ते पाहिलं. आता ही काय करील? मी तांदूळ-नारळानं सूप भरून धावतच गेले, तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"अगं भागव्वा, तू?"

"ही माझी सून हाय. सुनंची ओटी सासूच भरती की. कुकू तेवढं तुमी लावा."

विधवेच्या हातून भरलेली ओटी मी जन्मात पाहिली नव्हती. सुनेच्या पदराला गाठ मारते न मारते तोच रस्त्याकडच्या दारात मल्लू आला. गाडी पाणी घेत फलाटाला उभी होती. भागव्वानं खराटा आडवा धरला.

"आये, सर बाजूला."

"पाटी वाच. बायकांची खोली हाय."

"म्या लेक हाय तुजा."

"व्हय. म्हनूनच."

त्यानं आईच्या मुस्काटात मारली. ती हलली नाही, मागं न बघता मला म्हणाली, "न्या तिला." मी सुनेचा हात धरून फलाटाकडच्या दारानं निघाले आणि तिला बायकांच्या डब्यात चढवलं.

गाडी सुटली तशी मी खोलीत परत आले. मल्लू ओरडला, "आजपासनं माज्या घरात पाय ठिऊ नगंस," आणि निघून गेला. भागव्वा ओटीतून जमिनीवर सांडलेले तांदूळ वेचू लागली. तिच्या गालावर बोटं उमटली होती. मीही शेजारी बसून वेचू लागले.

"आता कुठं जाशील गं?" मी विचारलं.

तिनं बाकाकडे पाहिलं.

"हितंच. बायकांचीच खोली हाय की ही."