फुगेमावशी आणि बिनशब्दांचा अंक

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसून टाकलं. मावशीला कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाही, ही एक भीती. नाही लिहिलं तर मलाच चैन पडायची नाही, ही दुसरी. दुसरी जिंकली. आता एका दमात लिहून टाकते, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर माझी मावशी. सगळे तिला फुगेमावशी म्हणतात. बागेबाहेर फुगे विकत असेल असं कुणालाही वाटेल, मलाही वाटायचं, लहानपणी मी तिच्याकडे लाल फुगा मागून घर डोक्यावर घेतलं होतं. पण तिचे फुगे वेगळे. हाणामारीच्या कॉमिकमध्ये माणसांच्या तोंडातून बोलण्याचे पांढरे फुगे निघतात ना, ते ती काढते, आणि आतली अक्षरंही तीच लिहिते. हाताने, निबने, काळ्या शाईत. 'धाड' तिचं, 'खण्ण' तिचं, 'वाचवाऽऽ' पण तिचंच. मुखवट्या म्हणून एक हिरो आहे, या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारणारा. मावशीचं लग्न झालं तेव्हापासून तो तिच्याच अक्षरात ओरडतोय. काका म्हणतात, "माझ्यापेक्षा जास्त संसार हिने त्या मुखवट्याशीच केलाय."

एके दिवशी प्रकाशनाच्या ऑफिसात धाकट्या मालकांनी तिला बोलावून घेतलं. हे मोठ्या मालकांचे चिरंजीव, नवीन नवीन खुर्चीवर बसलेले, बोलताना खुर्ची गोल फिरवणारे.

"मावशी, पुढचा अंक बिनशब्दांचा करतोय. एक अक्षर नाही. नुसती चित्रं. कुठल्याही देशात विकता येईल, भाषेची कटकटच नाही!"

"आणि मी?"

"तुम्ही आराम करा की! किती राबलात."

खुर्ची गोल फिरली. मावशी जिना उतरली. 'आराम करा' असं माणसाला कधी सांगतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि 'पुढचा अंक' म्हणाले खरे, पण हा चालला तर त्याच्या पुढचा? आणि त्याच्या पुढचा? तिला दुसरं काहीच येत नव्हतं हो. अक्षरं काढणं सोडून तिने आयुष्यात काही केलंच नव्हतं.

घरी काकांनी आपली नेहमीची फिरकी घेतली. "बिनशब्दांचा अंक? आणि तुझ्या हातून? घरात कधी जमलंय का तुला ते?" ती हसली नाही.

मग आला तो पुडक्याचा दिवस. दर महिन्याला चित्रकारदादा पूर्ण झालेली पानं पुडक्यात घालून मावशीकडे पाठवतात, ती फुगे भरते आणि मग पानं छापखान्यात जातात. या वेळी पुडकं यायचं काही कारणच नव्हतं. तरी आलं. वर दादांच्या अक्षरात तिचाच पत्ता. मावशीने दोरा सोडायचा तर तोही धीर नाही, सरळ दाताने तोडला.

आणि बघते तर काय! प्रत्येक चौकटीत वरची जागा कोरी. माणसं खाली, इमारती खाली, आणि डोक्यावर पांढरंस्वच्छ. फुग्यांसाठी सोडतात तशीच, तंतोतंत तेवढीच.

तिच्या जिवात जीव आला. म्हणजे ठरलेलं बदललं! दादांनी माझ्यासाठी जागा ठेवली! तिने ऑफिसात फोन लावला, कुणी उचलला नाही. दादांना लावला, तो लागेना. मग म्हटलं, कामाला तरी लागू. खात्री नव्हती म्हणून पानाला हात लावला नाही, वर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलने फुगे काढत गेली. कुठे कोण काय बोलेल हे तिला कुणी लिहून द्यायची गरजच नव्हती.

शेवटच्या मारामारीचं पान आलं. मुखवट्याचा सख्खा भाऊ, जो शत्रूला मिळालाय, तो गच्चीच्या कठड्यावरून खाली लोंबकळतोय आणि मुखवट्याने त्याचं मनगट धरलंय. मावशीने फुगा काढला: 'हात सोडू नकोस!' चांगलं वाटलं. मग पान खालून ओढायला म्हणून ट्रेसिंग पेपर उचलला, आणि तिची नजर त्या मनगटावर गेली.

मुखवट्याची बोटं घसरत होती. करंगळी सुटलेली होती. हे तिला मघाशी दिसलंच नव्हतं.

तिने कागद परत ठेवला. शब्द वाचले, नजर लगेच पुढच्या चौकटीत पळाली. कागद उचलला, नजर तिथेच अडकली, भाऊ वाचतो की जातो? परत ठेवला. परत उचलला. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे, आणि दर वेळी तिला जे कळत होतं ते तिला कळायला नको होतं.

सकाळ झाल्या झाल्या पुडकं काखेत मारून ती दादांच्या घरी गेली. दार दादांनीच उघडलं, तोंडात ब्रश. आत धाकटे मालक येरझाऱ्या घालत होते.

"बाई! पानं तुमच्याकडे गेली होय!" दादा ओरडले. "मी इकडे सगळं घर उपसतोय! अहो, सवयीने तुमचाच पत्ता घातला मी."

सवयीने. मावशीने पुडक्यातून एक पान काढलं. "आणि ही जागा?"

"कुठली जागा?"

तिने पान समोर धरलं. दादांनी चष्मा लावला, काढला, कपाळावर हात मारला. "मेलो! अहो, हात आपला चालत राहिला! बिनशब्दांचं म्हणत म्हणत सगळीकडे फुग्यांची जागा सोडली मी!"

मालकांचा चेहरा उतरला. "दुपारी छपाई आहे! ढग काढा, पक्षी काढा, काहीतरी भरा!"

"दुपारपर्यंत एवढे पक्षी? मी माणूस आहे का पिंजरा?"

मालक मावशीकडे वळले. "मग मावशी, तुम्हीच लिहून टाका. बिनशब्दांचं नंतर बघू."

बघा! आयतं ताटात वाढलेलं! पिशवीत ट्रेसिंग पेपर तयार होता. तिने तो काढून पानावर ठेवला. मालक खूश. "वा, हे तर झालेलंच आहे!" दादा मात्र फुग्याखालचा हात शोधत होते.

मावशीने कागद उचलून घेतला.

"नको. असंच जाऊ द्या."

"असंच? कोरं?"

"वर काही नाही म्हणून तो पोरगा जास्त उंचावर लटकलाय असं वाटतं. आणि फुगा असला की मुखवट्याच्या बोटांकडे कुणी बघत नाही. मीच बघितलं नव्हतं."

"मावशी, तुम्ही काय म्हणताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"नाही हो. कळलं असतं तर बोलले असते का?"

परत येताना तिला स्वतःचाच इतका राग आला की बसथांबा मागे पडला तरी ती चालतच राहिली. घरी काका म्हणाले, "म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास!" आणि मग उठून तिच्यासाठी चहा ठेवला, जो त्यांना अजिबात येत नाही.

अंक आला. लोकांना आवडला. म्हणूनच आता ऑफिसात विचार चाललाय की यापुढे सगळेच अंक असे काढायचे का. अजून ठरलेलं नाही. मावशी दारावरची बेल वाजली की दचकते, फोन वाजला की काकांना उचलायला लावते आणि स्वतः तिसऱ्याच खोलीत जाऊन काहीतरी आवरते. मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "मजेत आहे गं." आवाज अगदी व्यवस्थित. मी विश्वास ठेवून दोन महिने गेलेच नाही. गेल्या रविवारी गेले तर ती टेबलाशी बसलेली, समोर काही नाही, आणि खांदे हे एवढे वर ओढलेले.

मी उद्या परत जाणार आहे. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल, ज्याच्या हातातलं काम हळूहळू काढून घेतलं जातंय. फोन करू नका, फोनवर सगळे मजेतच असतात. जा, समोर बसा, नीट बघा त्यांच्याकडे. प्लीज, याच आठवड्यात जा.