वाघाच्या दगडाकडे जाताना

बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या थोरल्या भावाला फोटोचं वेड लागलं. गेल्या हिवाळ्यात त्याच्या हट्टापायी आम्ही दोघं राहुरीहून पहाटेच निघालो आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरात गेलो. तिथल्या अभयारण्यात एक जुनी खिंड आहे. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर लादून याच वाटेनं वर यायचं आणि पुष्कळदा वाटेतच लुटलं जायचं. खिंडीतल्या एका दगडावर वाघ कोरलाय. दादाला त्याचा फोटो हवा होता.

वस्ती मागे पडली आणि एक माणूस आमच्या मागं लागला. पन्नाशीचा, कमरेला कोयता. आम्ही दम खायला थांबलो की तोही थांबायचा, झाडांकडे बघत.

"वाटाड्या नकोय आम्हाला," दादा म्हणाला.

"मी कुटं वाटाड्या हाय?" तो म्हणाला. "त्या लांब पिशवीत काय हाय, साहेब?"

"आमचं सामान आहे."

तरी तो मागं फिरला नाही. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कॅमेऱ्यावर डोळा आहे याचा. तुझ्या गळ्यातलं आत घाल." मी मंगळसूत्र ओढणीखाली ढकललं. मोबाईलला रेंज नव्हती. परत फिरावं म्हटलं, तर वाटेत तोच उभा.

खिंडीत पोचलो, तसा तो झपाझप पुढं गेला आणि दगडाला पाठ लावून उभा राहिला.

"पिशवी उघडा."

दादानं पिशवी छातीशी धरली. मीच दादाच्या हातातून ती ओढून चेन उघडली. आत कॅमेऱ्याचं तीन पायांचं स्टँड. त्यानं एकेक पाय दाबून पाहिला.

"ह्यानं खणत न्हाईत ना?"

"खणायचं काय?" मी विचारलं.

तो बाजूला झाला. दगडाच्या मागं कमरेइतका खड्डा होता आणि वाघ एका अंगाला कलला होता. जुन्या लुटारूंचं सोनं इथं पुरलंय असं ऐकून कुणीतरी खणून गेलं होतं. "अशीच लांब पिशवी हुती त्यांची. बाईमानूसबी संगं हुतं. मीच वाट दावली त्यास्नी," तो खाली बघत म्हणाला. "तवापास्नं कुनी वर चाललं की मागं येतो."

दादानं फोटो काढले. पण उतरायच्या आधी त्या माणसानं हात पुढं केला. "खड्ड्याचा फोटो असंल तर पुसा. बघून आनखी येत्याल." दादानं दोन फोटो त्याच्यासमोर पुसले. तरीही गाडी सुरू होईपर्यंत तो रस्त्यावर उभाच होता.

"चोर समजला आपल्याला!" दादा संगमनेरपर्यंत धुसफुसत होता.

खड्ड्याचा एक फोटो माझ्याही मोबाईलमध्ये होता. त्या माणसानं मला विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही, पुसलेलाही नाही.