विश्रांतीच्या दिवसाची मोजणी

१४ मे २०१२, सोमवार. पहाटे साडेपाचला, पंप सुरू व्हायच्या आधी, पाणी त्रेचाळीस गाठींवर. कालच्यापेक्षा दोन बोटं खाली. अंडी पाच. लालाने निवडुंगाची कोवळी पानं दिली, काटे काढून. नऊच्या गाडीने शहरात, पाणी समितीच्या सभेला. उद्या शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा सण, कागदी फुलं करायची राहिली आहेत.

एवढं लिहून दोन्या फेलिसितासने वही मिटली आणि मागच्या सहा वर्षांच्या वह्यांबरोबर पिशवीत ठेवली.

विहिरीची दोरी तिच्या नवऱ्याने, सिप्रिआनोने, बांधलेली. तो विहिरी खणायचा. पंचेचाळीस मीटर सुतळी, दर मीटरला एक गाठ, टोकाला शिशाचा गोळा. गोळा पाण्याला टेकल्याचा आवाज आला की गाठी मोजायच्या. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. १९७९ साली चौदावी गाठ काठावर असताना तो आवाज यायचा. सिप्रिआनो गेला, तेव्हा एकविसावी. मोजायचं काम तेव्हापासून तिच्याकडे आलं. शाळेत माद्रे कोन्सोलासिओन नावाच्या ननने तिला शिकवलं होतं की जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते प्रार्थनेत सांगायचं. त्या विहिरीवर वाडीची बत्तीस घरं होती, आणि दुसरं पाणी नव्हतं.

गाडीत लाला शेजारी बसली. फेलिसितासच्या मुलाला तिनेच बाप्तिस्म्याला धरलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"पिशवीत काय दगड भरलेस, कोमाद्रे?"

"वह्या आहेत."

"नगराध्यक्षांना वाचून दाखवणार? त्यांना स्वतःची सही वाचता येत नाही."

फेलिसितास हसली नाही. गेला आठवडाभर तिला हसू आलं नव्हतं.

खोरं एक, नगरपालिका चार, आणि जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच. चौघांनी मिळून उपसा ठरवावा म्हणून समिती झाली, पण मोठ्या मळ्यांचे मालक मोजणी करणाऱ्यांना फाटकातून आत घेईनात. तेव्हा तोड फेलिसितासनेच सुचवली होती. तीन मेला, सांता क्रूसच्या म्हणजे पवित्र क्रुसाच्या दिवशी, प्रत्येक विहिरीवरच्या क्रुसाला फुलं वाहतात, मालक दार उघडं ठेवतो आणि येईल त्याला जेवू घालतो. त्या दिवशी पाहुण्याला परत पाठवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. मग मोजणी त्याच दिवशी करा. चारही नगराध्यक्षांना ते पटलं. सहा वर्षं ते एकाच गोष्टीवर एकमत होते, आणि ती गोष्ट म्हणजे ही तारीख.

त्या दिवशी पाण्यालाही सुट्टी असते, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सांता क्रूसला कुणी पंप लावत नाही, बादलीसुद्धा सोडत नाही. तिची दोरीही तेव्हा खुंटीवर असे. दर वर्षी तीन मेच्या पानावर एकच ओळ: विहीर विश्रांतीत.

गेल्या आठवड्यात समितीचा छापील तक्ता घरी आला. तिच्या विहिरीसमोर सहा वर्षांचे सहा आकडे होते, सगळे अडतीसच्या आसपास. खाली लिहिलं होतं, खोऱ्यातलं पाणी स्थिर आहे, सात नव्या खोल विहिरींना परवानगी देता येईल. तिने वह्या काढल्या. पहिल्या वर्षी दोन मेला पाणी जिथल्या तिथे होतं. दुसऱ्या वर्षी ते अर्धी गाठ वर आलं. चौथ्या वर्षी तीस एप्रिलपासूनच वर यायला लागलं. मळेवाले दर वर्षी एकेक दिवस आधी पंप बंद करत होते, त्यांची भक्ती तशी वाढत गेली होती, आणि सहा-सात मेपर्यंत पाणी पुन्हा खाली जात होतं. त्या पानांवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: देवाची कृपा, पाणी वर आलं.

सभागृहाच्या दारात बाल्तासार उभा होता. समितीचा इंजिनिअर आणि तिचा धर्मपुत्र; बाप्तिस्म्याला तिने धरलेला, म्हणून तिला माद्रिना म्हणे. त्याने वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं.

"माद्रिना, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात?"

"हे बघ." तिने जिन्यावरच वह्या उघडल्या. तो उभ्या उभ्या वाचत गेला. तिसऱ्या वहीनंतर त्याने वाचणं थांबवलं.

"मला माहीत आहे," तो हळू म्हणाला.

"कधीपासून?"

"तिसऱ्या वर्षापासून."

"आणि गप्प बसलास."

"माद्रिना, तारीख बदला म्हटलं की दोन नगराध्यक्ष आजच उठून जातील. त्यांच्या निवडणुकीला पैसा मळ्यांचा आहे. मग समितीच नाही. आता निदान एका टेबलावर बसतात."

"बसून काय करतात, बाल्ता?"

त्याने वही मिटून तिच्या हातात दिली. "सातच्या पाच करून घेईन," तो म्हणाला. "तेवढं माझ्या हातात आहे."

"पाच विहिरींनी आम्ही उशिरा मरू, एवढंच ना?"

"हो," तो म्हणाला. त्याने खोटं सांगितलं नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

सभेत तिला तीन मिनिटं मिळाली. तिने चष्मा लावला, सहा वर्षांच्या दोन मे आणि दहा मेच्या नोंदी एकापाठोपाठ वाचल्या, आणि शेवटी म्हणाली, "ही तारीख मीच सुचवली होती. चूक माझी आहे. दुरुस्त करा."

कोपऱ्यातल्या जाड मिशांच्या नगराध्यक्षाने तिची एक वही मागून घेतली, चाळली आणि तो खुर्चीत मागे रेलला. "दोन्या फेलिसितास, इथे तर लिहिलंय की देवाच्या कृपेने पाणी वर आलं. तुमच्याच अक्षरात. आता देवाच्या विरुद्ध ठराव करायचा का आम्ही?"

लोक हसले. लाला मागून मोठ्याने म्हणाली, "देव तुमच्या मळ्यात पगारावर आहे वाटतं, तीस एप्रिलला बरोबर हजर होतो." त्यावरही लोक हसले, तितकंच. मग मतदान झालं. तारीख तीच राहिली, चारही हात वर. नव्या विहिरी पाच. बाल्तासारने आपला शब्द पाळला होता.

शेवटी कुणीतरी आभाराचा ठराव मांडला. अशा वह्या म्हणजे गावाचा ठेवा, नगरपालिकेच्या इमारतीत काचेच्या कपाटात ठेवाव्यात. तोही एकमताने मंजूर झाला. मिशीवाल्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"देणार का?" परतीच्या गाडीत लालाने विचारलं.

"कपाटात ठेवल्यावर रोज लिहायचं कशात?"

"अजून लिहिणार आहेस?"

"मोजायचं तर आहेच."

लाला खिडकीबाहेर बघत राहिली. ब्रोकोलीच्या मळ्यांवर तुषार फिरत होते, भर उन्हात.

घरी पोचल्यावर फेलिसितासने कपडे न बदलता दोरी घेतली. संध्याकाळी ती कधी मोजत नसे. दिवसभर उपसा झालेला असतो, तो आकडा खरा नाही, असं सिप्रिआनो म्हणायचा. तिने दोरी सोडली. चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. पंचेचाळिसावी गाठ मुठीत आली आणि दोरी संपली. आवाज आला नाही. तिने वाकून कान दिला, थोडी थांबली, मग दोरी वर ओढली. शिशाचा गोळा कोरडा होता.

अंगणात चादरी वाळत होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या आणि खुंटीवरून दोरी सोडवायला लागली.

रात्रीच्या जेवणाआधी तिने सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: कपडे वाळवायची दोरी काढून विहिरीच्या दोरीला जोडली, सात मीटर. चादरी कुंपणावर घातल्या.