मला कुणी चूक म्हणेना

शिक्षण हा विषय शिकायला मी बंगळूरला निघाले, तेव्हा निपाणीत तो मला कुणालाच समजावून सांगता आला नाही. "म्हणजे बी.एड. का?" चुलत्यांनी विचारलं. नाही म्हटलं. "मग डी.एड.?" तेही नाही. बारावीनंतरची पदवी, त्यात थोडं तत्त्वज्ञान, थोडं मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, आणि या सगळ्यांच्या मधोमध शाळा. "शेवटी मास्तरीणच होणार ना?" म्हणत त्यांनी विषय मिटवला. मला राग आला, पण आपण नक्की काय होणार हे मलाही सांगता येत नव्हतं.

आमचं कॉलेज सर्जापूर रोडच्या पुढे. वसतिगृहाच्या खिडकीतून उंच इमारती दिसायच्या. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले की तिथे प्रत्येक घरात कुणीतरी कुणाशीतरी बोलत असणार, असं उगाच वाटायचं. मराठी बोलायला मला फोनशिवाय कुणी नव्हतं. कन्नड येत होती, पण ती सीमाभागातली. मी भाताची दुसरी वाढ मागितली की मेसमधल्या अक्का हसायच्या आणि "स्वल्प निधान" म्हणायच्या, म्हणजे जरा हळू बोल. वर्गात तर सगळा कारभार इंग्रजीत.

वर्गात खुर्च्या गोल मांडलेल्या असत. कुणाचं बोलणं आवडलं तर टाळ्या नाहीत, चुटक्या वाजवायच्या. हा तिथला रिवाज. पहिल्याच महिन्यात आम्हाला एक लेख वाचायला होता, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांबद्दल. घरात पुस्तकं नाहीत, आईची शाळा अर्धवट सुटलेली, अभ्यासाला वेगळी जागा नाही. मी वाचत गेले आणि मध्येच थांबले. यात तर मीच होते. दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्याकडे कुणीही पाहिलं नाही, इतकं ठरवून की मला ते कळलंच. मग मॅडमनी हळुवार आवाजात विचारलं, "तुला काही शेअर करावंसं वाटतं का?"

मी केलं. विड्या वळणारी आई, एका खोलीतला अभ्यास, सगळं सांगितलं. चुटक्याच चुटक्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

पण पुढे एक गोष्ट ध्यानात आली. बंगळूरच्याच व्हाइटफील्डची एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. तिने काही मत मांडलं की समोरचा एक मुलगा तिच्यावर तुटून पडायचा. मग तीही त्याला सोडायची नाही. तास संपला तरी भांडण संपत नसे. ते कँटीनमध्ये जाई, चहाबरोबर आणखी चौघं त्यात पडत. माझं बोलणं मात्र चुटक्यांनी संपायचं. मी कुठल्याही विषयावर तोंड उघडलं, की ते मत नसे, अनुभव असे. आणि अनुभवाशी कोण भांडणार? तो ऐकून घ्यायचा आणि मान हलवायची. सगळे माझ्याशी फार चांगलं वागत, आणि तेच मला सोसवेना. मला वाटायचं, कुणीतरी एकदा, एकदाच, माझा मुद्दा खोडून काढावा. म्हणजे तरी मी इथे शिकायला आले आहे, उदाहरण म्हणून नाही, असं वाटेल.

दुसऱ्या वर्षी घोकंपट्टीवरचा लेख आला. लेखकाने घोकंपट्टीची पार खरडपट्टी काढली होती. या वेळी मी कंबर कसून तयारी केली. इंग्रजी वाक्यं आरशासमोर बोलून बघितली. माझं म्हणणं असं होतं की एका सुरात पाढे म्हणणं म्हणजे नुसतं पाठांतर नाही. सगळा वर्ग एका आवाजात बोलतो तेव्हा ज्याला येत नाही तोही त्या आवाजात सामावून जातो. चुकला तरी उघडा पडत नाही. ती सोबत आहे, आणि एकेकट्याने शिकण्याचं कौतुक करताना लेखक ही सोबत मोजायलाच विसरला आहे.

बोलून झाल्यावर मी समोरच्या त्या मुलाकडे पाहिलं. आता बोल, म्हटलं मनात. त्याने हात वर केला आणि चुटकी वाजवली.

"थँक यू फॉर शेअरिंग," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "किती सुंदर आठवण आहे."

"मॅडम, आठवण नाही, मुद्दा आहे."

"ऑफ कोर्स," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला बोलायला सांगितलं.

रविवारी सकाळी मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन आईला फोन केला. ती विड्यांची पानं कापत बसली होती, फोन मांडीशेजारी ठेवलेला. कात्रीचा आवाज येत होता. जेवलीस का, तब्येत कशी, हे सगळं झाल्यावर मी तिला माझा मुद्दा सांगितला. का ते माहीत नाही. बहुधा मराठीत तो कसा वाटतो ते ऐकायचं होतं.

"न्हाई गं," आई म्हणाली. "मला न्हाई पटत."

"काय नाही पटत?"

"ते सोबतीचं. मला पाढं येत न्हवतं. सगळ्या पोरींच्या आवाजात मी नुसतं तोंड हलवायची. बाईस्नी कळलंच न्हाई. पाचवीला नव्या बाईंनी एकटीला उभं केलं, तवा कळलं. मग मीच जाईना झाले शाळंत. कसली आलीय सोबत? एवढ्या पोरींत मी एकटीच होते की."

आईची शाळा धाकट्या भावंडांना सांभाळायला सुटली, असं आमच्या घरात सांगतात. मीही वर्गात तेच सांगितलं होतं. माझे डोळे भरून आले. बरं झालं सांगितलंस आई, असं अगदी ओठांवर आलं, आणि ते मी गिळलं.

"पण तो दोष पाढ्यांचा नाही," मी म्हटलं. "बाईंनी एकेकीला विचारायला हवं होतं."

"एकेकीला इचारलं असतं तर मी दुसरीतच पळाले असते!"

"मग काय करायला हवं होतं बाईंनी? तुला काय वाटतं?"

कात्री थांबली.

"हे मला कुणी कधी इचारलंच न्हाई," आई म्हणाली. "थांब. इचार करू दे."

मी फोन कानाशी धरून थांबले.